अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा होकार

“मी तिथे जाणार नाही, बाबा!”

टेसाने हे इतक्या शांतपणे सांगितलं की कर्ट कोस्केलाला आधी ते समजलंच नाही. शनिवारची दुपार होती, ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या बटाटा-खिम्याच्या मोठाल्या करंज्यांचा वास घरभर दरवळत होता, आणि कर्ट बाह्या सावरून मोठ्या प्रसन्न मनाने टेबलाशी बसला होता. प्रसन्न का नसावा? सकाळीच त्याने आपल्या ट्रकच्या मागच्या काचेवर पूर्वेकडच्या त्या नामांकित विद्यापीठाचं स्टिकर चिकटवलं होतं. खाली एक बुडबुडा राहू नये म्हणून पाऊण तास खपला होता, आणि मग काही काम नसताना गावातून दोन चकरा मारून आला होता. या गावात मुलाला कॉलेज मिळालं की बापाच्या गाडीची काच बोलते. बाप बोलत नाही.

“जाणार नाही म्हणजे?”

“म्हणजे बर्च लेक कॉलेजला जाणार. मी ठरवलंय.”

“बर्च लेक! ते तीन तासांवरचं? अगं, तिथे कोणीही जातं!”

“आधी पोरीला विचारावं, मग काच रंगवावी,” कर्टची इटालियन माहेरची बायको कार्ला करंज्या वाढता वाढता म्हणाली. “मी कालपासून सांगतेय. पण या घरात बाई बोलली की ती इटालियन, आणि पुरुष गप्प बसला की तो शहाणा.”

टेबलाच्या चौथ्या बाजूला आयली बसली होती. कर्टची थोरली बहीण; गावातल्या हॉस्पिटलात पंचवीस वर्षं नर्स, शेजारच्याच छोट्या घरात एकटी राहणारी, आणि टेसाला पहिलं इंजेक्शन देण्यापासून पहिला बेडूक चिरायला शिकवण्यापर्यंत सगळं करणारी आत्या. होकार कळवायला बुधवारपर्यंतची मुदत होती. आयलीने सुरी खाली ठेवली, कारण आता पुढे कोणतं वाक्य येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ते आलंच.

“ज्यांनी माझ्या बहिणीला दारातून परत पाठवलं ना, त्याच दारातून माझी मुलगी मान ताठ करून आत जाणार! अठ्ठावीस वर्षं मी या दिवसाची वाट बघतोय!”

ही हकिगत गावात सगळ्यांना पाठ होती. नाताळच्या जेवणात, गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला बसल्यावर, खाणीत डबा खाताना... एरवी दिवसाला दहा शब्दांवर भागवणारा कर्ट हा विषय निघाला की भडाभडा बोलायचा. आमची आयली, अख्ख्या जिल्ह्यात पहिली आलेली. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या विद्यापीठात अर्ज केला, आणि त्या दीडशहाण्यांनी तिला नाकारलं! खाणकामगाराची पोर म्हणून! तो हे सांगे तेव्हा त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ होत, आणि आयली त्याच्या शेजारी बसून कॉफी ढवळत राही.

कारण ती हकिगत साफ खोटी होती, आणि ते खोटं आयलीनेच रचलेलं होतं.

त्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्या आईला पक्षाघात झाला होता. वडील दोन वर्षांपूर्वीच खाणीतल्या अपघातात गेलेले. आईची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि सोळा वर्षांचा कर्ट एका संध्याकाळी लाकडाच्या गिरणीतल्या मुकादमाशी बोलून घरी आला. “तुझं पत्र आलं की मी शाळा सोडतो,” त्याने जाहीर केलं. “तू जा. आईचं मी बघेन.” बोलल्याप्रमाणे करणारं पोर होतं ते! तिने हात जोडले असते, रडली असती, तरी ऐकलं नसतं. त्याला थांबवायला जगात एकच उपाय होता, आणि तो आयलीने केला. एका शुक्रवारी तिने भांडी घासता घासता, पाठमोरीच, सांगून टाकलं... मला घेतलं नाही त्यांनी. कर्टने रागाने भिंतीवर मूठ आपटली, आणि सोमवारी तो मुकाट्याने शाळेत गेला. पुढे वीजतंत्री झाला, खाणीत चांगल्या जागेवर लागला, त्याचा संसार झाला. आयलीने जवळच्या गावात नर्सिंग केलं. आई आणखी नऊ वर्षं जगली.

तिला वाटलं होतं, खोटं एकदाच बोलायचं असतं. ते असं वाढत्या वयाचं होऊन, बापाच्या तोंडून निघून, भाचीच्या वाटेत आडवं येऊन उभं राहील, हे अठरा वर्षांच्या मुलीला कुठून सुचणार?

“बाबा, ऐकून तरी घ्या,” टेसा म्हणत होती. “डॉक्टरकी चार वर्षांनंतर सुरू होते. ही चार वर्षं म्हणजे नुसती शिडी. मी आत्याच्या हॉस्पिटलात जाऊन अकरा डॉक्टरांना विचारलं, तुम्ही आधीचं कॉलेज कुठे केलंत. माहितीये काय झालं? दोघांना तर आठवायला वेळ लागला! हृदयाचे डॉक्टर नेब्रास्कातल्या कुठल्याशा मक्याच्या शेतातल्या कॉलेजातले. आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, जिथे प्राध्यापक तुला नावाने ओळखतील तिथे जा, कारण पुढे मेडिकलच्या अर्जाला त्यांचीच पत्रं लागतात.”

“मोठ्या ठिकाणी काय नावं विचारत नाहीत?”

“मी बघून आले ना तिथे. रसायनशास्त्राच्या तासाला चारशे मुलं. आम्हाला फिरवणारी मुलगीच म्हणाली, डॉक्टर व्हायचं म्हणून आलेल्यांपैकी निम्मी दुसऱ्या वर्षापर्यंत नाद सोडतात. बर्च लेकला वर्गात वीस जण आहेत. पहिल्या वर्षापासून आठवड्यातून एक दिवस खेड्यातल्या दवाखान्यात पाठवतात. मला खेड्यातलीच डॉक्टर व्हायचंय, बाबा.”

“म्हणजे तू घाबरलीस.”

“अजिबात नाही,” टेसा म्हणाली, आणि ते खरं होतं. “तिथे मी टिकेन. टिकणं हेच काम असेल तर टिकेन. पण मला शिकायचंय.”

आयलीचा ऊर अभिमानाने भरून आला. सतराव्या वर्षी एवढं स्वच्छ दिसणं! तिला स्वतःला त्या वयात फक्त नाव दिसलं होतं, विद्यापीठाच्या कमानीवर कोरलेलं. ती न राहवून म्हणाली, “पोरगी बरोबर बोलतेय, कर्ट.”

कर्ट वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“हं! आता कळलं हे कुठून येतंय ते. तुला तिथे जागा मिळाली नाही, म्हणून तिनेही जाऊ नये! तूच भरवलंस ना हे तिच्या डोक्यात? डॉक्टरांना विचार, अमुक कर, तमुक कर... मी तुझ्यासाठी, तुझ्या अपमानासाठी आयुष्यभर जळतोय, आणि तू माझ्या पोरीच्या पायात खोडा घालतेस?”

“कर्ट!” कार्ला ओरडली. “उचलली जीभ लावली टाळ्याला! कोणाशी बोलतोयस?”

ज्याच्यासाठी आपण आपलं सर्वस्व हसतमुखाने बाजूला ठेवलं, त्याच्याच तोंडून मत्सराचा आरोप! आयलीच्या काळजात कळ उठली. पण दुसऱ्याच क्षणी तिला टेसाचा चेहरा दिसला. मुलीची नजर बापाकडून आत्याकडे, आत्याकडून बापाकडे अशी भिरभिरत होती. आयलीला लख्ख दिसलं. आपण आज गप्प बसलो, तर ही पोर आपल्यावरचा डाग पुसायला म्हणून तिथे जाईल. आपलं मौन आता त्याग उरलेलं नाही. ते या मुलीच्या अंगावर टाकलेलं ओझं झालंय.

“मला नाकारलं नव्हतं,” ती म्हणाली.

“काय?”

“त्यांनी मला घेतलं होतं, कर्ट. पत्र आलं होतं. मी तुला खोटं सांगितलं, कारण तू शाळा सोडणार होतास.”

कर्ट हसला, आणि ते हसू आरोपापेक्षा भयंकर होतं.

“वा! टेसाला सोडवायला आता हे नवीन! आयली, तू लहानपणापासून अशीच. दुसऱ्यासाठी काय वाटेल ते बोलशील. पण मी आता सोळा वर्षांचा नाही!”

“देवाशपथ सांगते—”

“मला नको तुझी शपथ! मला आठवतोय तो शुक्रवार! तू माझ्याकडे पाठ करून रडत होतीस!”

“पाठ करून होते, कारण तोंड दाखवलं असतं तर तू ओळखलं असतंस!” आयलीचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत त्या घराने तो आवाज ऐकला नव्हता. “अरे वेड्या, दुसरं कशासाठी पाठ केली असती मी?”

आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या दारावर टकटक झाली. खांद्यावर टॉवेल, बगलेत कोरडे कपडे. म्हातारा रेनो लाहती दर शनिवारच्या शिरस्त्याने त्यांच्याकडच्या सौनात, लाकडं पेटवून तापवायच्या त्या वाफेच्या खोलीत, घाम काढायला आला होता. वय ब्याऐंशी. तब्बल छत्तीस वर्षं त्याने या गावात घरोघर टपाल वाटलं होतं.

“धूर दिसत नाही,” रेनो म्हणाला. “सौना तापवला नाही की काय?” मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि टोपी काढली. “मी मग येतो.”

“थांब रेनो,” कर्ट म्हणाला. “सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये या घरी टपाल तूच आणायचास ना? आयलीला एक पत्र आलं होतं. विद्यापीठाचं. तुला आठवतं?”

रेनोने कर्टकडे पाहिलंच नाही. तो आयलीकडे पाहत होता.

“एकाचं टपाल दुसऱ्याला सांगायचं नसतं,” तो सावकाश म्हणाला. “निवृत्त झालो म्हणून काय झालं?... सांगू का, आयली?”

आयलीने होकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांतून आता धारा वाहत होत्या, आणि त्या पुसायचं भानही तिला नव्हतं.

“जाडजूड पाकीट होतं,” रेनो म्हणाला. “त्या काळी पोरं पाकिटाच्या जाडीवरूनच ओळखायची. नकाराला एक कागद पुरतो. होकाराबरोबर फॉर्म, वसतिगृहाची माहिती, नकाशे, काय काय असायचं. पेटीत मावेना, म्हणून मी पायरीपर्यंत आणून दिलं. हिने तिथेच फोडलं. वाचलं आणि माझ्या गळ्यात पडली, एवढा आनंद! मग हिने खिडकीतून आत पाहिलं. तू आईला चमच्याने सूप भरवत होतास, कर्ट. आणि ही मला म्हणाली, रेनो, हे आलंच नाही असं समज. मी म्हटलं, पोरी, मी टपाल खात्याचा माणूस. आलेलं आलं नाही असं म्हणणार नाही. पण कुणाला सांगणार नाही, एवढं म्हणू शकतो.”

त्याने टोपी परत घातली. “सौना मी पेटवतो,” एवढं बोलून तो निघून गेला.

कर्ट उठला. उभ्या उभ्याच त्याने टेबलाची कड धरली. चव्वेचाळीस वर्षांचा, दीडशे टनी यंत्रांच्या तारा जोडणारा तो आडदांड पुरुष बहिणीच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

“माझ्यामुळे! आयली... माझ्यामुळे! आणि मी तुला आता काय बोललो!”

“चूप. तुझ्यामुळे नाही, तुझ्यासाठी. त्यात फरक आहे.”

“आणि मी अठ्ठावीस वर्षं त्या लोकांना शिव्या घातल्या!”

“हो ना,” आयली रडता रडता हसली. “त्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं रे तुझं! दर नाताळला मला त्यांची दया यायची.”

कार्लाने नाक पुसलं. “माझ्या माहेरी हे सगळं पहिल्याच दिवशी जेवायच्या आत झालं असतं,” ती म्हणाली. “आरडाओरडा, दोन ताटल्या फुटल्या असत्या, संपलं. तुम्हा लोकांना अठ्ठावीस वर्षं लागतात.”

पण कसोटी अजून संपली नव्हती. टेसा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली, आत्याचे दोन्ही हात हातांत घेऊन म्हणाली, “आत्या, मी जाते तिथे. तुझी जागा होती ती. तू नाही जाऊ शकलीस... तर मी तुझ्यासाठी जाते.”

“हो!” कर्टने डोकं वर केलं. त्याचे ओले डोळे चमकले. “हो, टेसा! आता तर गेलंच पाहिजे! आयलीचं स्वप्न—”

“खबरदार!”

आयली उभी राहिली. पंचवीस वर्षं ज्या आवाजाने तिने रात्रपाळीच्या डॉक्टरांना, दारुड्यांना आणि घाबरलेल्या नातेवाइकांना ताळ्यावर आणलं होतं, तो हा आवाज होता.

“माझं स्वप्न माझं होतं. ते मी माझ्या हाताने घडी करून ठेवलं. पहिली दोन वर्षं रोज रडले, खोटं कशाला बोलू? आणि मग एक दिवस मी वॉर्डात उभी होते, एका बाईचं बाळ अडलं होतं, डॉक्टर वादळात रस्त्यावर अडकलेले, आणि त्या बाईने माझा हात जो धरला तो दोन तास सोडला नाही. त्यानंतर मी रडले नाही. मी काही वाया गेलेली बाई नाही, टेसा, की तू जाऊन मला भरून आणशील! तू म्हणालीस ना, मला शिकायचंय, खेड्यातली डॉक्टर व्हायचंय? ते कोण बोललं? तू का मी?”

“मी,” टेसा पुटपुटली.

“मोठ्याने.”

“मी!”

“अकरा डॉक्टरांना वही घेऊन कोण विचारत फिरलं? मी तुला नुसतं कोणाला कॉफी पाजायची ते सांगितलं. एकाने कुणासाठी तरी न जाणं एवढं या घराला पुरे. आता कुणी कुणासाठी जाणंही नको. मी त्याग केला म्हणून सगळे मला देवी करून भिंतीवर टांगाल, ते मला नकोय. माझी एक चूक झाली. थांबले ती नव्हे. थांबले हे सांगितलं नाही, ती. सांगितलं असतं तर हा गाढव रागाने जळत बसला नसता, आणि आज तुझ्या निर्णयात माझं भूत शिरलं नसतं.”

बाहेरून रेनो लाकडं फोडत असल्याचा आवाज येत होता. कर्टने बाहीने तोंड पुसलं, खुर्ची ओढून मुलीच्या शेजारी बसला, आणि घसा खाकरून म्हणाला, “तुझा लॅपटॉप आण. ते होकाराचं बटण कुठेय?”

“कुठल्या कॉलेजचं, बाबा?”

“बर्च लेकचं! दुसरं कुठलं?” तो गुरगुरला. “आणि ते स्टिकर काढायला किती वेळ लागेल, विचारू नका कोणी.”

टेसाने बटण दाबलं. पडद्यावर तिचं नाव आलं आणि खाली रंगीत कागदांचा पाऊस पडला. कार्लाने टाळ्या वाजवल्या, मग करंज्या पुन्हा गरम करायला ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. आयली चर्चमधल्या नेहमीच्या बाकावर, भावाच्या कुटुंबाशेजारी बसली होती. प्रार्थना संपत आली की पाद्रीबाई विचारतात, कुणाला आनंदाची, काळजीची काही बातमी सांगायची आहे का. एरवी कुणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कुणाला नातू झालेला असतो. त्या दिवशी कर्ट कोस्केला उभा राहिला. जन्मात या देवळात स्वतःच्या लग्नातल्या ‘हो’ व्यतिरिक्त तो काही बोललेला नव्हता. लोक वळून पाहू लागले. आयलीने त्याचा कोट ओढला. त्याने तिचा हात हळूच बाजूला केला.

“एक बातमी आहे,” तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. “जरा जुनी आहे. सत्त्याण्णव साली माझ्या बहिणीला, आयलीला, पूर्वेकडच्या त्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. मी तुम्हाला सगळ्यांना उलटं सांगत आलो. मला माहीत नव्हतं. ती माझ्या शाळेसाठी आणि आईसाठी इथे राहिली.” त्याने बहिणीकडे पाहिलं. “जिल्ह्यात पहिली आली होती ती. आणि तिला घेतलं होतं. एवढंच.”

तो खाली बसला. त्या देवळात टाळ्या वाजवायची पद्धत नाही. कुणी खोकलं, कुणी चष्मा पुसला, आणि पेटीवाल्या बाईंनी शेवटचं भजन सुरू केलं.

खाली तळघरात कॉफीसाठी सगळे जमले, तेव्हा आयली तोंड लपवायला भिंतीशी जाऊन उभी राहिली. पण एकेक जण येऊ लागला. खाणीतले लोक, तिच्या वॉर्डात जन्मलेली पोरं आणि आता त्यांची पोरं. प्रत्येक जण तिचा हात दाबून पुढे गेला. शेवटी ब्याण्णव वर्षांच्या मिसेस हाकला आपला वॉकर पुढे ढकलत, गर्दी सारत आल्या. त्यांना हल्ली कालचं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं एकच वाटे. सत्त्याण्णव साली त्यांनीच आयलीला जीवशास्त्र शिकवलं होतं. त्यांचा सुरकुतलेला चेहरा आनंदाने उजळला होता. त्यांनी आयलीचे दोन्ही हात घट्ट धरले.

“आत्ताच ऐकलं! मला खात्रीच होती! अभिनंदन, पोरी, अभिनंदन!... मग? कधी निघणार आहेस?”

कर्टने हातातला कप टेबलावर ठेवला. हे अभिनंदन आयलीने या बाईंकडून कधी घेतलंच नव्हतं. त्या वर्षी त्यांनी तिला मिठीत घेऊन सांत्वन केलं होतं, आणि ती त्यांच्या डोळ्यांना डोळा देऊ शकली नव्हती. आता तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. डोळे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता.

“थँक यू, बाई,” ती म्हणाली. “जात नाहीये. इथेच राहायचं ठरवलंय मी.”

“असं?” मिसेस हाकलांनी तिला क्षणभर निरखलं. “तू विचार करूनच ठरवलं असशील. तुझ्या वहीत कधी खाडाखोड नसायची.”

“हो बाई. विचार करूनच.”

“मग ठीक आहे,” बाई म्हणाल्या, आणि आयलीचा दंड धरून तिला कॉफीच्या टेबलाकडे घेऊन निघाल्या. कर्टने पुढे होऊन दोघींसाठी खुर्च्या ओढल्या.